साउथ बेंड लेथवरील टेपर अटॅचमेंट : भागांची ओळख आणि तुलना

एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे व्यास एकसारख्या प्रमाणात कमी होत जाणाऱ्या गोल आकाराला यंत्रशाळेत टेपर म्हणतात, आणि ड्रिलच्या शँकपासून पाइपाच्या आट्यांपर्यंत कितीतरी कामे या निमुळत्या आकारावर विसंबून असतात. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या स्टीफन मोर्स यांनी १८६०च्या दशकात ट्विस्ट ड्रिलबरोबर जो टेपर रूढ केला, तो आजही टेलस्टॉकच्या स्लीव्हमध्ये आणि ड्रिलिंग मशिनच्या स्पिंडलमध्ये सापडतो. त्याचा उतार इतका सौम्य असतो की ड्रिल हलक्या ठोक्याने आत बसल्यावर केवळ घर्षणाच्या जोरावर पकडून राहते. मात्र ही पकड दोन्ही पृष्ठभाग जवळजवळ संपूर्ण लांबीभर टेकले तरच मिळते. मोर्स क्रमांक २ चा टेपर एका फुटाला ०.५९९४१ इंच आणि क्रमांक ३ चा ०.६०२३५ इंच असतो, म्हणजे एका बाजूचा कोन पहिल्यात १ अंश २५ मिनिटे ५० सेकंद आणि दुसऱ्यात १ अंश २६ मिनिटे १६ सेकंद भरतो. या दोन कोनांतील फरक अवघा २६ सेकंदांचा असूनही एकाच्या मापाने कातलेला शँक दुसऱ्याच्या उताराला चोख टेकत नाही, यावरून टेपर कातण्याच्या साधनाकडून किती बारकाव्याची अपेक्षा असते ते ध्यानात येईल.

टेपर सांगण्याच्या तीन रीती आहेत आणि तिन्ही एकाच कारखान्यात एकत्र नांदतात. जुन्या इंची यंत्रांवर तो फुटाला किती इंच असा सांगितला जातो आणि हा फरक व्यासातला असतो. मेट्रिक नकाशांवर तो १:२० किंवा १:५० अशा गुणोत्तराने येतो, आणि तोही व्यासाचाच असतो. तिसरी रीत कोनाची. तिच्यात मात्र नकाशावरचा कोन दोन्ही बाजू मिळून होणारा पूर्ण कोन आहे, की मध्यरेषेपासून एका बाजूचा अर्धा कोन आहे, हे स्वतंत्रपणे पाहावे लागते. १:२० म्हणजे बरोबर फुटाला ०.६ इंच. मोर्सचे सगळेच टेपर या मापाच्या आसपास घुटमळत असले तरी एकही नेमका त्यावर बसत नाही, आणि इंची पट्टीच्या लेथवर मेट्रिक नकाशातील काम करताना होणाऱ्या कितीतरी चुकांचे मूळ या जवळिकीत असते.

लेथवर टेपर कातण्याच्या रूढ पद्धतींत कंपाउंड स्लाइड कोनात फिरवून कातणे ही सर्वांत सोपी. पण कंपाउंडची चाल तोकडी असते आणि ती हाताने चालवावी लागत असल्याने पृष्ठभागाची सफाई कारागिराच्या हातावर अवलंबून राहते. टेलस्टॉक आडवा सरकवण्याच्या पद्धतीत लांब टेपर कातता येतो आणि यंत्राची स्वयंचलित फीडही वापरता येते. दहा इंच लांबीच्या कामावर मोर्स २ च्या उतारासाठी टेलस्टॉक पाव इंच बाजूला घ्यावा लागतो. मात्र हा हिशेब कामाच्या लांबीशी बांधलेला असल्यामुळे लांबी थोडी बदलली की टेपर बदलतो, सेंटरच्या भोकांवर तिरका भार येऊन ती झिजतात, चकमध्ये धरलेल्या कामावर ही पद्धत चालत नाही, आणि भोकाच्या आतला टेपर तिच्याने कातताच येत नाही. काम संपल्यावर टेलस्टॉक पुन्हा सरळ रेषेत आणायचा तोही एक स्वतंत्र खटाटोप असतो. या सगळ्या अडचणींवरचा उपाय म्हणून लेथच्या मागील बाजूस जी जोडणी बसवतात, तिला टेपर टर्निंग अटॅचमेंट, किंवा कारागिरांच्या बोलीत नुसते टेपर अटॅचमेंट म्हणतात.

तिची मूळ कल्पना अगदी सरळ आहे. बेडच्या मागे, बेडला समांतर अशी एक मार्गदर्शक पट्टी मध्यावरच्या खिळीभोवती हव्या त्या कोनात फिरवून घट्ट करतात, तिच्यावर एक ठोकळा सरकत राहतो, आणि तो ठोकळा क्रॉस स्लाइडला, म्हणजे हत्यार कामाच्या दिशेने आत-बाहेर नेणाऱ्या आडव्या स्लाइडला, जोडलेला असतो. सॅडल बेडवरून लांबीच्या दिशेने चालू लागला की ठोकळा तिरक्या पट्टीवरून सरकतो आणि क्रॉस स्लाइडला तेवढ्याच प्रमाणात आत किंवा बाहेर नेतो, त्यामुळे हत्याराची वाट पट्टीला समांतर राहते आणि कामावर पट्टीच्या कोनाचा टेपर उतरतो. कामाची लांबी बदलली तरी टेपर तोच राहतो, सेंटरवर तिरका भार येत नाही, भोकाच्या आतही तोच उतार कातता येतो, आणि टेपरावर आटे पाडायचे असतील तर लीडस्क्रूची चाल व पट्टीचा उतार एकाच वेळी काम करतात. फुटाला पाऊण इंच उताराचे पाइपाचे आटे लेथवर नीट पाडण्याचा हाच खरा मार्ग होय.

या सरळ कल्पनेत एक अडचण दडलेली आहे, आणि टेपर अटॅचमेंटच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांमधला बहुतेक फरक त्या एका अडचणीवर काढलेल्या वेगवेगळ्या तोडग्यांतून आलेला आहे. साध्या लेथवर क्रॉस स्लाइडची जागा क्रॉस फीड स्क्रू ठरवतो. हा स्क्रू सॅडलच्या पुढच्या बाजूला बुशिंगमध्ये असा धरलेला असतो की तो जागच्या जागी फिरतो पण पुढे-मागे सरकत नाही, आणि स्लाइडला जोडलेला नट त्याच्यावरून चालतो. टेपर कातताना स्लाइडची जागा मागची पट्टी ठरवू पाहते. एकाच स्लाइडवर दोघांची हुकमत एका वेळी चालू शकत नाही, म्हणून स्क्रू आणि नट यांच्यापैकी कोणाला तरी मोकळे करावेच लागते.

पहिला तोडगा साध्या म्हणजे प्लेन अटॅचमेंटचा. टेपर कातण्याआधी नटाला स्लाइडशी बांधणारा स्क्रू सोडवायचा, ओढदांड्याने स्लाइड थेट मागच्या ठोकळ्याला जोडायची, आणि मग कापाची खोली देण्यासाठी क्रॉस फीडचे हँडल निरुपयोगी झाल्यामुळे कंपाउंड काटकोनात फिरवून त्याच्या स्क्रूने हत्यार आत न्यायचे. ही व्यवस्था स्वस्त, मजबूत आणि थोड्या भागांची आहे. परंतु काटकोनात वळवलेल्या कंपाउंडमुळे हत्याराचा आधार काही प्रमाणात उणावतो, आटे पाडताना प्रत्येक फेरीला कंपाउंडनेच हत्यार मागे घेऊन पुन्हा त्याच आकड्यावर आणावे लागते, आणि सरळ कातकाम व टेपर यांच्यात वारंवार अदलाबदल असेल तर दर वेळी नट सोडणे-बांधणे कंटाळवाणे होते.

दुसरा तोडगा टेलिस्कोपिक अटॅचमेंटचा, आणि यंत्ररचनेच्या दृष्टीने तो अधिक देखणा आहे. येथे क्रॉस फीड स्क्रू अखंड नसून दोन भागांचा असतो. पुढचा भाग म्हणजे हँडल आणि आकड्यांची तबकडी धारण करणारा पोकळ शाफ्ट, आणि मागचा भाग म्हणजे प्रत्यक्ष आट्यांचा स्क्रू, ज्याचे पुढचे टोक त्या पोकळ शाफ्टमध्ये दुर्बिणीच्या नळीसारखे आत-बाहेर सरकू शकते. दोन्ही भागांमध्ये लांब खाच आणि तीत बसणारी की असल्यामुळे ते एकत्रच फिरतात, पण लांबीच्या दिशेने एकमेकांपासून मोकळे असतात. स्क्रूचे मागचे टोक सॅडलऐवजी अटॅचमेंटच्या सरकत्या भागाला धरलेले असते. पट्टीने ठोकळा सरकवला की स्क्रू, नट आणि स्लाइड हे तिघे एकसंधपणे सरकतात, पुढचे हँडल मात्र जागेवर राहते आणि टेपर चालू असतानाही नेहमीसारखे फिरवता येते. नट सोडण्याची गरज उरत नाही, कंपाउंड हव्या त्या कोनात ठेवता येते, आणि तबकडीवरचा आकडा टेपर कातताना तितकाच खरा राहतो.

या दोन्ही व्यवस्था एकाच कारखान्याच्या यंत्रांवर शेजारीशेजारी पाहायच्या असतील तर अमेरिकेतील इंडियाना राज्याच्या साउथ बेंड गावातील साउथ बेंड लेथ वर्क्सची यंत्रे अभ्यासासाठी फार सोयीची आहेत. जॉन आणि माइल्स ओब्रायन या जुळ्या भावांनी १९०६ मध्ये हा कारखाना काढला. त्यांनी लेथ शिकणाऱ्यांसाठी तयार केलेल्या ‘हाउ टू रन अ लेथ’ या पुस्तिकेच्या पन्नासाहून अधिक आवृत्त्या निघाल्या, आणि तिच्यातही टेपर अटॅचमेंटला जागा दिलेली आहे. १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात नऊ इंची वर्कशॉप लेथ ए, बी आणि सी अशा तीन मॉडेलांत मिळू लागला. बेड, हेडस्टॉक आणि स्पिंडल यांची मूळ रचना तिन्हींत सारखी. फरक चालीच्या व्यवस्थेत. मॉडेल ए ला आट्यांचे व फीडचे प्रमाण खटके सरकवून बदलणारा गिअरबॉक्स, मॉडेल बी ला त्याऐवजी हाताने बदलायची चेंज गिअर्स, पण दोघांच्याही अ‍ॅप्रनमध्ये वर्म आणि घर्षण-क्लच असल्याने लांबीची आणि आडवी अशा दोन्ही फीड यंत्राने मिळतात. मॉडेल सी सर्वांत साधे. त्याच्या अ‍ॅप्रनमध्ये फक्त हाफनट आहेत, लांबीची फीड लीडस्क्रूवरूनच मिळते आणि आडवी फीड केवळ हाताची.

जुने अटॅचमेंट कोणत्या यंत्राचे, हे ओळखू पाहणाऱ्याची नजर साहजिकच मागच्या पट्टीवर जाते, कारण ती मोठी, अंशांकित आणि डोळ्यांत भरणारी असते. तिच्या एका टोकाला अंश आणि दुसऱ्या टोकाला फुटाला इंच अशा खुणा असतात. परंतु तुलनेची सुरुवात पट्टीपासून करणे चुकीचे आहे. पट्टी, ठोकळा आणि त्यांची खिळी हे भाग सर्वसाधारण स्वरूपाचे आहेत आणि प्रसंगी नव्याने करता येतात. यंत्राच्या नेमक्या आवृत्तीशी घट्ट बांधलेला भाग म्हणजे क्रॉस फीड स्क्रू, आणि त्याच्यानंतर सॅडलची मागची बाजू. टेपर अटॅचमेंट हे नाव ऐकून वाटते की ही लेथला बाहेरून चिकटवायची वस्तू आहे. टेलिस्कोपिक प्रकारात मात्र ती क्रॉस स्लाइडची आतली रचनाच बदलते, आणि म्हणून तिचे भाग तिथूनच वाचायला हवेत.

स्क्रू हातात घेतल्यावर पाहण्याची पहिली गोष्ट म्हणजे त्याच्यावर दाते आहेत की नाहीत. मॉडेल ए आणि बी मध्ये आडवी स्वयंचलित फीड अ‍ॅप्रनमधील गिअरने क्रॉस फीड स्क्रूवरच्या छोट्या पिनियनला फिरवून मिळते, त्यामुळे या दोन्हींच्या साध्या स्क्रूवर पुढच्या भागात ते पिनियन असते. मॉडेल सी च्या स्क्रूला त्याची गरजच नाही, म्हणून तेथे नुसता गुळगुळीत शाफ्ट असतो. टेलिस्कोपिक आवृत्तीत पिनियन पुढच्या पोकळ शाफ्टवर असावे लागते, कारण अ‍ॅप्रनच्या गिअरशी त्याची गाठ कायम राहायला हवी. ते जर मागे-पुढे सरकणाऱ्या स्क्रूवर असते तर टेपर कातता कातता गिअरपासून बाजूला गेले असते. म्हणजे दातांचा पोकळ शाफ्ट आणि त्यात सरकणारा आट्यांचा स्क्रू अशी जोडी दिसली तर ती यंत्राच्या आडव्या फीडच्या लेथसाठी केलेली आहे हे निश्चित होते. अशी जोडी मॉडेल सी वर नेली तर पिनियन निष्काम फिरत राहील, इतकेच. उलट सी चा दातांविना स्क्रू ए किंवा बी वर बसवला तर हाताने काम चालेल पण आडवी फीड हातची जाईल. टेपर कातताना लांबीचीच फीड लागते आणि ती सी ला हाफनटांतून मिळते, त्यामुळे आडवी फीड नसणे हा सी वर टेपर कातण्यातला अडथळा ठरत नाही.

दुसरी खूण तबकडीची. या घराण्यातील आधीच्या यंत्रांवर क्रॉस फीडची तबकडी लहान व्यासाची असे आणि पुढच्या काळात वाचायला सोपी अशी मोठी तबकडी आली. वरवर हा फक्त सोयीचा बदल वाटतो. पण तबकडी, तिच्यामागची बुशिंग आणि शाफ्टचे पुढचे टोक ही तिन्ही मापे एकमेकांवर अवलंबून असल्यामुळे टेलिस्कोपिक शाफ्ट विकत घेताना तो लहान तबकडीच्या काळातला की मोठ्या, हे न पाहिल्यास भाग खरा असूनही बसत नाही. आट्यांच्या बाबतीत नऊ इंची लेथचा क्रॉस फीड स्क्रू इंचाला १० अ‍ॅक्मे आट्यांचा आणि डावा आहे. डावा अशासाठी, की हँडल उजवीकडे फिरवल्यावर जागी अडकलेल्या स्क्रूवरचा नट कारागिरापासून दूर, म्हणजे कामाच्या दिशेने जायला हवा. एका फेऱ्याला स्लाइड ०.१०० इंच जाते, आणि तबकडीवरचे शंभर भाग प्रत्येकी एक हजारांश इंच हत्याराची चाल दाखवतात, म्हणजे व्यासात दुप्पट.

सॅडलची मागची बाजू पाहायला यंत्रापाशी वाकावे लागते आणि तेवढ्यासाठी ती बहुधा दुर्लक्षित राहते. अटॅचमेंटचा कंस सॅडलच्या मागे बोल्टने बसतो, म्हणून तेथे सपाट, यंत्राने तासलेला पृष्ठभाग आणि आटे पाडलेली भोके लागतात. जे सॅडल अटॅचमेंटसाठी तयार केलेले नाहीत त्यांची ती बाजू ओतकामाच्या खरबरीत स्वरूपातच राहिलेली असू शकते. ओतीव भागांवर उठवलेले क्रमांक इथे थोडी फसगत करतात. ओतीव क्रमांक साच्याचा असतो, तयार भागाचा नसतो, आणि एकाच साच्यातून निघालेले दोन सॅडल पुढच्या तासकामात निराळे झालेले असू शकतात. क्रमांक जुळला म्हणून भाग जुळला असे मानणे त्यामुळे धोक्याचे. तासलेली बाजू आणि भोकांची अंतरे प्रत्यक्ष मोजणे हाच भरवशाचा पुरावा.

अटॅचमेंट आणि बेड यांना जोडणारी पकड, जिला बेड क्लॅम्प म्हणतात, तीही बेडच्या आकाराशी बांधलेली आहे. साउथ बेंडच्या रचनेत पट्टीसह सगळी जुळणी सॅडलबरोबर बेडवरून फिरते, आणि टेपर कातायचा असेल तेव्हाच ही पकड आवळून पट्टी बेडच्या तुलनेत स्थिर केली जाते. पकड सैल केली की अटॅचमेंट निमूटपणे सॅडलबरोबर चालत राहते आणि सरळ कातकामात कसलाही अडथळा येत नाही. इतर काही कारखान्यांच्या लहान लेथवर पट्टी कंसांनी बेडच्या मागे कायमची बसवलेली आढळते. त्या रचनेत भाग कमी आणि खर्च कमी, पण टेपर बेडच्या ज्या भागापुढे कातायचा तिथे पट्टी हलवून बसवावी लागते. हिंडत्या जुळणीचा मोठेपणा असा की हेडस्टॉकजवळ असो वा बेडच्या मध्यावर, सॅडल असेल तिथे टेपर सुरू करता येतो.

दहा इंची यंत्रांच्या नावाने येथे बराच घोटाळा होतो. साउथ बेंडचे लाइट टेन हे नऊ इंची लेथचेच थोडे उंचावलेले भावंड असून दोघांचे बरेच भाग समान आहेत, तर हेवी टेन हे मुळातच मोठ्या बेडचे वेगळे यंत्र आहे. नऊ इंची लेथच्या स्पिंडलला दीड इंच व्यासाचे, इंचाला आठ आटे आणि पाऊण इंचाचे आरपार भोक, तर हेवी टेनला सव्वादोन इंच व्यासाचे, इंचाला आठ आटे आणि एक पूर्णांक तीन अष्टमांश इंचाचे भोक असते, यावरून दोन्हींतील अंतर समजते. ‘दहा इंची साउथ बेंडचे टेपर अटॅचमेंट’ एवढ्या वर्णनावर घेतलेला भाग नऊ इंची लेथवर बसेल की नाही, हे वर्णन काहीच सांगत नाही. बेडच्या उजव्या टोकाला, टेलस्टॉकच्या बाजूस ठोकलेला यंत्राचा अनुक्रमांक आणि त्याच्याबरोबरची अक्षरे कोणते यंत्र कोणत्या घराण्यातले हे ठरवायला मदत करतात, म्हणून सुट्या भागाबरोबर मूळ यंत्राचा अनुक्रमांक कळला तर तो टिपून ठेवणे मोलाचे असते.

टेलिस्कोपिक रचनेच्या गुणांबरोबर तिची किंमतही सांगायला हवी. साध्या लेथवर कापाचा भार स्लाइडवरून नटावर, नटावरून स्क्रूवर आणि स्क्रूवरून पुढच्या बुशिंगवर जातो. टेलिस्कोपिक अटॅचमेंट असलेल्या लेथवर स्क्रूचे टोक मागे धरलेले असल्यामुळे हा भार मागच्या जुळणीतून सॅडलकडे जातो आणि त्या वाटेत जास्त सांधे असतात. प्रत्येक सांध्यात थोडी मोकळीक, आणि तिची बेरीज म्हणजे बॅकलॅश. अटॅचमेंटचे स्क्रू, गिब आणि पिना वर्षानुवर्षे तपासल्या गेल्या नाहीत तर सरळ कातकामातही स्लाइड किंचित डुलू लागते आणि दोष मात्र नटाला दिला जातो. जुन्या लेथची आडवी स्लाइड सैल वाटत असेल तर नट बदलण्याआधी मागच्या जुळणीचा प्रत्येक सांधा हाताने दाबून, ओढून पाहावा. बहुतेक वेळा खरा ढिलेपणा तिथेच सापडतो.

याच मोकळिकीचा टेपर कातण्यावर होणारा परिणाम आकड्यांत पाहण्यासारखा आहे. पट्टी, ठोकळा, पिन आणि स्क्रूचे टोक यांच्या सांध्यांत मिळून पाच हजारांश इंच मोकळीक आहे असे धरले, तर सॅडल चालू लागल्यावर ठोकळा आधी ही मोकळीक खाऊन टाकतो आणि तेवढा वेळ क्रॉस स्लाइड जागची हलत नाही. मोर्स २ च्या उतारात सॅडलच्या एका इंच चालीला ठोकळा ०.०२५ इंच आडवा जातो, म्हणजे पाच हजारांश भरून निघायला सॅडलला ०.२ इंच, सुमारे पाच मिलिमीटर चालावे लागते. तेवढ्या लांबीत कामावर टेपर न उतरता सरळ नळकांडी आकार उतरतो. टेपर पिनच्या, म्हणजे फुटाला पाव इंच, अशा सौम्य उताराला हेच अंतर जवळजवळ अर्धा इंच होते. उतार जितका सौम्य तितकी ही वाया जाणारी चाल लांब, आणि टेपर अटॅचमेंटवर नाजूक उतारच अधिक कातले जातात. म्हणून हत्यार दर फेरीला कामाच्या टोकापासून पुरेसे दूर नेऊन तिथून कापाकडे आणावे लागते, म्हणजे हवेतच मोकळीक भरून निघते आणि हत्यार धातूला टेकते तेव्हा सगळे सांधे एकाच बाजूला दाबलेले असतात. उलट दिशेने, म्हणजे हेडस्टॉककडून टेलस्टॉककडे, त्याच मापावर परत काप घेतला तर मोकळीक दुसऱ्या बाजूला जाते आणि दोन कापांचा पृष्ठभाग एकमेकांवर पडत नाही.

पट्टीवरच्या खुणा सुरुवातीच्या अंदाजापुरत्याच उपयोगी आहेत. मोर्स २ आणि ३ मधला २६ सेकंदांचा फरक कोणत्याही अंशपट्टीवर डोळ्यांनी वाचता येत नाही, आणि जुन्या पट्टीवर तर खुणांचे आकडे अर्ध्या कोनाचे की पूर्ण कोनाचे, याचाही निकाल एकदा चाचणी काप घेऊन लावलेला बरा. अचूक जुळणीसाठी खात्रीचा टेपर, उदाहरणार्थ चांगल्या प्रतीचे मोर्स सेंटर किंवा टेस्ट बार, सेंटरांमध्ये किंवा स्पिंडलमध्ये बसवतात आणि टूल पोस्टवर डायल इंडिकेटर लावून त्याचे टोक बरोबर सेंटरच्या उंचीवर टेकवतात. मोकळीक भरून घेऊन सॅडल चालवला असता काटा जागचा हलू नये इतकी पट्टी थोडी थोडी ठोकून सरकवत आणायची. नमुन्याचा टेपर हाताशी नसेल तर मोर्स २ च्या उतारासाठी समांतर टेस्ट बारवर इंडिकेटर ठेवून सॅडलच्या मोजलेल्या दोन इंच चालीत काटा ०.०५० इंच दाखवतो का हे पाहता येते. मात्र सॅडलची ती चालही तितक्याच काळजीने मोजायला हवी.

हत्याराच्या टोकाची उंची हा टेपरातला सर्वांत दुर्लक्षित मुद्दा असावा. टोक सेंटरपेक्षा वर किंवा खाली असेल तर सरळ कातकामात व्यासाचा थोडा फरक पडून निभावते, पण टेपरात हत्याराची वाट कामाच्या मध्यरेषेतून जाणाऱ्या पातळीच्या बाहेर राहते आणि पृष्ठभाग सरळ उताराऐवजी किंचित वक्र होतो. मग पट्टी कितीही ठोकली तरी शँक दोन टोकांना टेकतो आणि मध्ये सुटतो. तयार झालेल्या टेपरावर लांबीच्या दिशेने ब्लूच्या दोन-तीन बारीक रेघा ओढून तो स्लीव्हमध्ये हलकेच फिरवला की रेघ कुठे पुसली यावरून कोन चुकला आहे की उंची, ते ओळखता येते. एका टोकालाच पुसली तर कोन, दोन्ही टोकांना पुसून मध्ये राहिली तर उंची.

जुनी यंत्रे हात बदलत जातात तेव्हा अटॅचमेंटचे लहान भाग प्रथम हरवतात, विशेषतः बेड क्लॅम्प आणि, अटॅचमेंट काढून ठेवलेले असेल तर, टेलिस्कोपिक स्क्रू. असा स्क्रू नव्याने करणे कोल्हापूरच्या उद्यमनगरातील किंवा पुण्यातील एखाद्या चांगल्या यंत्रशाळेला अवघड नाही, पण दोन गोष्टी कामाआधी बोलून घ्याव्या लागतात. इंचाला १० आटे म्हणजे २.५४ मिलिमीटर पिच, आणि मेट्रिक लीडस्क्रूच्या लेथवर ती अचूक पाडायला १२७ दातांचे गिअर लागते. त्याऐवजी जवळची म्हणून २.५ मिलिमीटरची पिच पाडली तर जुना नट बसत नाहीच, शिवाय नवा नट केला तरी तबकडीचा प्रत्येक भाग दीड टक्क्याहून अधिक चुकीचा वाचला जातो. दुसरे असे, की अ‍ॅक्मे आट्यांचा कोन २९ अंशांचा आणि मेट्रिक ट्रॅपेझॉइडल आट्यांचा ३० अंशांचा असतो, आणि बाजारात सहज मिळणारी हत्यारे बहुधा दुसऱ्या प्रकारची असतात. तेव्हा आटे पाडण्याच्या हत्याराला धार देताना २९ अंशांचा गेज हाताशी हवा. नवा स्क्रू झिजलेल्या जुन्या नटात घातला तर मोकळीक फारशी कमी होत नाही, म्हणून दोन्ही भाग जोडीनेच करवून घेतात, आणि डाव्या आट्यांचा नट पाडायला टॅप मिळाला नाही तर तो लेथवर आतून बोअरिंग बारने पाडतात. पोकळ शाफ्टमधली की आणि स्क्रूवरची खाच यांचे बसणे मात्र सर्वांत शेवटी, हाताने घासून जुळवावे लागते: की खाचेत बोटाच्या दाबाने सरकायला हवी, पण फिरवण्याच्या दिशेने तिची हालचाल जाणवता कामा नये, कारण तिथली मोकळीक तबकडीवर थेट चुकीचा आकडा होऊन उतरते.